मोठा रोस्टर घेण्याआधी

घरी कॉफी भाजणाऱ्याचं पहिलं यंत्र बहुधा कॉफीसाठी बनलेलंच नसतं. कुणाकडे लोखंडी कढई असते, कुणाकडे लाह्या फोडायचं गरम हवेचं पॉपकॉर्न यंत्र, तर कुणी जुन्या ब्रेडमेकरच्या भांड्यावर हीट गन रोखून बसलेला असतो. या जुगाडावर काही महिने छान जातात. ताज्या भाजलेल्या कॉफीचा वास घरभर पसरला की माणूस हरखून जातो आणि त्या भरात बरेच दोष माफ होतात. मग कधीतरी एक घाणा असा उतरतो, की कपात संत्र्याच्या रसाचा गोड-आंबटपणा येतो, थंड होत गेली तरी कॉफी कडवट होत नाही. पुढचे घाणे ती चव पुन्हा आणण्यात जातात आणि ती येत नाही. बी तेच, यंत्र तेच, मिनिटंही तेवढीच. ‘आता चांगला रोस्टर घ्यावा का’ हा प्रश्न इथे पडतो आणि हे पुस्तकही इथूनच सुरू होतं.

या प्रश्नाचं उत्तर बाजारात लगेच मिळतं, म्हणूनच ते जपून घ्यावं लागतं. मोठा ड्रम, जाड पत्रा, फोनवर उमटणारा आलेख हे सगळं डोळ्यांत भरतं. पण आपल्या हातातल्या यंत्रावर नेमकी कोणती गोष्ट आपल्याला करता येत नाही, हे एका वाक्यात सांगता येईपर्यंत नवं यंत्र निवडता येत नाही. लेखकाने ही भूमिका पुस्तकभर धरून ठेवली आहे आणि मला ती पूर्ण मान्य आहे.

आधी भाजताना काय होतं ते पाहू. कच्च्या बीमध्ये दहा ते बारा टक्के ओलावा असतो. उष्णता मिळाल्यावर आधी तो सुटू लागतो. 150 अंश सेल्सियसच्या आसपास हिरवट दाणा पिवळा पडलेला असतो आणि गवताचा वास जाऊन भाजक्या पिठासारखा वास यायला लागतो. पुढे तो तपकिरी होतो, आतली वाफ आणि वायूंचा दाब वाढतो आणि साधारण 196 ते 205 अंशांच्या दरम्यान दाणे टचाटच फुटायला लागतात. हौशी मंडळी याला ‘फर्स्ट क्रॅक’ म्हणतात. या क्षणापासून कॉफी पिण्याजोगी होते. पुढे 225च्या आसपास ‘सेकंड क्रॅक’ येतो. त्याचा आवाज बारीक, चुरचुरीत असतो. तिथून तेल पृष्ठभागावर येतं आणि बियांची मूळ चव मागे पडून भाजल्याची चव पुढे येते. या सगळ्यात वजन बारा ते वीस टक्के घटतं. एकूण वेळ पाहिला तर आठ ते चौदा मिनिटं. एवढ्या वेळात उष्णता बीपर्यंत तीन वाटांनी पोचते: तापलेल्या धातूच्या स्पर्शातून, गरम हवेतून आणि उष्णतेच्या प्रारणातून. कोणतं यंत्र कोणत्या वाटेवर भर देतं, यावरून रोस्टरांच्या घराण्यांची ओळख होते.

घरी कॉफी भाजणं आज नवा छंद वाटतो. इतिहास पाहिला तर ही सर्वांत जुनी रीत आहे. इथिओपियात पाहुण्यांसमोर तव्यावर बी भाजून, वास सगळ्यांना देऊन, मग कुटून कॉफी उकळण्याची रीत आजही चालू आहे. युरोप-अमेरिकेतही एकोणिसाव्या शतकाचा बराच काळ घरोघरी कच्चं बी आणून चुलीवर भाजत असत. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने 1781मध्ये कॉफी भाजण्याचा हक्क सरकारजमा केला. परदेशी कॉफीपायी देशाबाहेर जाणारा पैसा त्याच्या डोळ्यांत खुपत होता. चोरून भाजणारे पकडायला त्याने युद्धातून परतलेले जखमी सैनिक नेमले. ते गल्लीबोळांतून वास घेत फिरायचे, लोक त्यांना ‘कॉफी हुंगणारे’ म्हणायचे. फ्लॅटमध्ये राहून घरी कॉफी भाजणाऱ्या प्रत्येकाला हे प्रकरण आपलंसं वाटेल. सेकंड क्रॅकपर्यंत नेलेला पाव किलोचा घाणा आजही आख्ख्या मजल्याला कळतो.

घरी भाजण्याची ही रीत मोडली ती यंत्रांनी आणि पाकिटांनी. 1864मध्ये न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स याने ड्रम आगीवरून न हलवता आतली कॉफी आपोआप बाहेर पडेल अशा रोस्टरचं पेटंट घेतलं. 1868मध्ये जर्मनीत ऱ्हाइनकाठच्या एमेरिक गावात पुढे ‘प्रोबाट’ नावाने ओळखला गेलेला कारखाना सुरू झाला. त्याच सुमारास पिट्सबर्गच्या जॉन आर्बकलने भाजलेल्या बियांवर अंडं आणि साखरेचा मुलामा चढवून ताजेपणा टिकवण्याची युक्ती काढली आणि कागदी पाकिटांतून ‘एरिओसा’ नावाची कॉफी विकायला सुरुवात केली. 1900मध्ये हिल्स ब्रदर्सनी निर्वात डबा आणला. भाजलेली कॉफी दुकानात मिळू लागल्यावर चुलीसमोर धुरात उभं राहायची गरज उरली नाही. पण ती कॉफी आठवड्यांनी, महिन्यांनी प्यायली जायची. ताज्या कॉफीची चव कशी असते, हे पुढच्या दोन पिढ्या विसरल्या.

परतीची वाट अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सुरू झाली. 1966मध्ये आल्फ्रेड पीट यांनी बर्कलीत दुकान काढून तिथेच गडद भाजलेली ताजी कॉफी विकायला सुरुवात केली. 1974मध्ये एर्ना नूटसन यांनी ‘स्पेशालिटी कॉफी’ हा शब्द रूढ केला. त्याच दशकात मायकेल सिव्हेट्झ या रसायन अभियंत्याने ड्रमलाच विरोध केला. त्याचं म्हणणं असं, की दाणे तापलेल्या धातूवर घासून भाजण्यापेक्षा गरम हवेच्या झोतावर तरंगत ठेवले तर ते सगळीकडून सारखे भाजतात आणि धुरात मुरत नाहीत. हेच तत्त्व लाह्यांच्या यंत्रातही आहे, हे हौशी लोकांच्या लक्षात आलं आणि ‘वेस्ट बेंड पॉपरी’ नावाचं जुनं यंत्र भंगार बाजारांत शोधलं जाऊ लागलं. 1996मध्ये केनेथ डेव्हिड्स यांचं घरी कॉफी भाजण्यावरचं पुस्तक आलं. 1997मध्ये थॉम्पसन ओवेन यांनी ‘स्वीट मरियाज’ हे कच्च्या बियांचं दुकान सुरू केलं. पुस्तक आणि बी, दोन्ही हाताशी आल्यावर छंदाला चळवळीचं रूप यायला वेळ लागला नाही.

आज या क्षेत्रात नवख्याला तीन वाद ऐकू येतात. पहिला हवा विरुद्ध ड्रम. हवेवर भाजलेली कॉफी स्वच्छ, चमकदार, आंबटपणा उठून दिसणारी. ड्रमची अधिक भरीव, गोलसर. असं म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे, पण यातला मोठा वाटा हवेचा नसून वेळेचा आहे. हवेची यंत्रं लवकर भाजतात, ड्रम सावकाश. हवेचं यंत्र दहा मिनिटांवर आणता आलं तर दोन कपांतलं अंतर पुष्कळ कमी होतं. लेखकाने हा मुद्दा चांगला सोडवला आहे.

दुसरा वाद फिकट विरुद्ध गडद. नॉर्डिक देशांतल्या भाजणाऱ्यांनी, विशेषतः 2004चा जागतिक बरिस्ता विजेता नॉर्वेचा टिम वेंडेलबो याने, फिकट भाजणीला प्रतिष्ठा दिली. दक्षिण इटलीत आणि जपानच्या जुन्या कॉफीघरांत गडद भाजणीचा अभिमान आहे. जपानी हौशी माणूस जाळीचं हातरोस्टर गॅसवर हलवत उभा राहतो आणि त्यातून अप्रतिम गडद कॉफी काढतो, त्याला यंत्र बदलायची इच्छाही होत नाही.

तिसरा वाद कान-नाक विरुद्ध आलेख. ‘आर्टिसन’ हे मुक्त सॉफ्टवेअर आल्यापासून कुणीही तापमान मोजणारा साधा थर्मोकपल लॅपटॉपला जोडून भाजणीचा आलेख काढू शकतो. 2014मध्ये स्कॉट राओ यांच्या पुस्तकाने तापमानवाढीचा वेग सतत उतरता ठेवावा आणि फर्स्ट क्रॅकनंतरचा वेळ एकूण वेळेच्या साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाइतका असावा, हे दंडक दिले. रॉब हूस यांनी पुढच्याच वर्षी कोणत्या टप्प्याची लांबी चवीवर काय परिणाम करते, याची मांडणी केली. या दोन पुस्तकांनी हौशी लोकांना बोलायला एक भाषा दिली. तोटा एवढाच झाला, की काही जण कॉफी पिण्याऐवजी आलेख पिऊ लागले.

आता यंत्र बदलण्याकडे येऊ. लाह्यांच्या यंत्रात साधारण 1200 वॅटची कॉइल आणि पंखा एकाच बटणावर चालतात. ऐंशी-शंभर ग्रॅम बी टाकलं की तीन-चार मिनिटांत फर्स्ट क्रॅक येतो. दाणा बाहेरून रंगतो, आत कच्चा राहतो आणि कपात शेंगेच्या टरफलासारखी चव उरते. दोष उष्णतेच्या कमतरतेचा नाही. उष्णता आणि हवा वेगवेगळी करता येत नाहीत, हा दोष आहे. म्हणून जाणते हौशी यंत्र उघडून पंख्याला स्वतंत्र डीसी पुरवठा देतात आणि कॉइलवर वेगळं नियंत्रण बसवतात. घरच्या विजेशी खेळ असल्याने हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं, पण केल्यावर दोन-तीन हजारांचं यंत्र थक्क करतं. वरच्या पायरीवर जाताना आपण पैसे मोजतो ते अशा सुट्या झालेल्या नियंत्रणांसाठी. ‘फ्रेशरोस्ट’च्या यंत्रांवर उष्णतेच्या नऊ आणि पंख्याच्या नऊ पायऱ्या वेगवेगळ्या असतात. लंडनच्या ‘इकावा’त भाजणीची रेषा आधी फोनवर काढायची आणि यंत्राने ती पाळायची. कोरियाच्या ‘जीन कॅफे’त काचेचं तिरपं नळकांडं फिरतं, बी डोळ्यांसमोर रंग बदलतं. ‘बेहमोर’मध्ये जाळीचा ड्रम आणि क्वार्ट्झच्या नळ्या असतात, धूर कमी करायची सोयही असते. ‘हॉटटॉप’, ‘क्वेस्ट’, ‘हुकी’ ही छोट्या ड्रमची यंत्रं तैवानची. डॅनिश मंडळींनी तैवानमध्ये उभं केलेलं ‘एलियो बुलेट’ किलोभर बी घेतं, ड्रम इंडक्शनने तापवतं आणि ताकद, हवा, ड्रमचा वेग हे तिन्ही वेगळं हाताळू देतं. अलीकडे चीनचं ‘कॅलायडो’ही पुष्कळ घरांत शिरलं आहे.

यादी लांबवता येईल, पण यंत्रं दर दोन वर्षांनी बदलतात. न बदलणारी गोष्ट अशी, की हवेवरून ड्रमवर गेलेल्या माणसाची कॉफी सुरुवातीला हमखास बिघडते. हवेच्या यंत्रात उष्णता कमी केली की काही क्षणांत फरक दिसतो. ड्रम मात्र आधी तापवून ठेवावा लागतो आणि त्या धातूत उष्णता साठलेली असते. जाड बुडाच्या कढईखालचा गॅस बंद केला तरी रवा काही वेळ भाजतच राहतो, तसं हे आहे. फर्स्ट क्रॅक ऐकून ताकद कमी करणाऱ्याला उशीर झालेला असतो. ती कपात त्याआधीच मिनिटभर व्हायला हवी. शिवाय नव्या यंत्रावरचा आकडा जुन्याशी जुळत नाही. थर्मोकपल किती जाड आहे, तो बियांत किती बुडतो, घाणा किती मोठा आहे यावर आकडा ठरतो. एका यंत्रावर फर्स्ट क्रॅक 196ला दिसेल, दुसऱ्यावर 208ला, आणि दोन्ही बरोबर असतील. त्यामुळे दुसऱ्याचा आलेख आपल्या यंत्रावर जसाच्या तसा गिरवून काही साधत नाही.

घाण्याचा आकार हा दुसरा फसवा भाग. रोज दोन कप पिणाऱ्या घराला, कपामागे पंधरा-अठरा ग्रॅम धरले तरी, महिन्याला किलोभर भाजलेली कॉफी लागते. म्हणजे कच्चं बी साधारण बाराशे ग्रॅम. शंभर ग्रॅमच्या यंत्रावर हे बारा घाणे होतात, अडीचशेच्या यंत्रावर पाच. बारा घाणे ज्याला जड वाटतात त्याने मोठं यंत्र जरूर घ्यावं. पण शिकणाऱ्याला बारा घाणे म्हणजे बारा प्रयोग असतात. किलोचा ड्रम घेऊन महिन्यातून एकदाच भाजणारा माणूस वर्षात बाराच वेळा शिकतो आणि चुकलेला किलोभर माल महिनाभर पीत बसतो.

लेखकाशी माझं एका बाबतीत पटत नाही. त्याच्या मते पहिली खरेदी थर्मोकपलची असावी. मी म्हणेन, आधी वजनकाटा आणि थंड करायची सोय. भाजण्याआधीचं आणि नंतरचं वजन मांडलं की घट कळते: बारा-तेरा टक्के म्हणजे फिकट, पंधराच्या आसपास मध्यम, अठराच्या पुढे गडद. कोणत्याही आलेखाशिवाय दोन घाणे तुलनेला उभे राहतात. आणि ड्रममधून उतरलेलं बी चार मिनिटांत हाताला गार लागलं नाही, तर ते भाजतच राहतं. सगळी मेहनत शेवटच्या टप्प्यात वाया जाते. बी गार करायला यंत्र लागत नाही. सुपात घालून पाखडलं की कोंडाही उडतो आणि बीही निवतं. ज्यांच्या घरात सूप आहे, त्यांना ही कला शिकवावी लागत नाही.

आपल्याकडचे प्रश्न परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत, म्हणूनही मराठीत हे पुस्तक हवं होतं. न्यू जर्सीतल्या भाच्याने पाठवलेलं यंत्र 120 व्होल्टचं असतं, ते आपल्या 230 व्होल्टवर चालवायला जड ट्रान्सफॉर्मर लागतो आणि मग हौस महागात पडते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की कॉइलची ताकद उतरते आणि सकाळी नऊ मिनिटांत होणारा घाणा बारावर जातो; लहान गावांत हा फरक रोजचा आहे. 1500 वॅटच्या पुढच्या यंत्राला पंधरा अँपियरचा सॉकेट हवा. शिवाय पावसाळ्यात कोकणातल्या घरात उघड्यावर ठेवलेलं कच्चं बी ओलावा धरतं, त्याची भाजणी बदलते.

बीसुद्धा आपली वेगळी. चिकमगळूरच्या डोंगरावर बाबा बुदान यांनी मोखाहून सात बिया आणल्याची कथा सर्वांना माहीत असते. त्यापुढे बलेहोन्नूरच्या संशोधन केंद्राने दिलेलं एस. 795 हे वाण आज भारतीय अरेबिकाचा कणा आहे. केंट आणि एस. 288 यांच्या संकरातून ते आलं आणि एस. 288मध्ये लिबेरिका जातीचा अंश आहे. परदेशी पुस्तकांतले दंडक केनिया-इथिओपियाच्या घट्ट, आंबट बियांवर बेतलेले असतात; त्या तापावर एस. 795 भाजलं तर चव बोथट होते. मान्सून्ड मलबार तर वेगळाच प्रकार. किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी हवा पिऊन ते बी फुगतं, फिकट पडतं, त्याचा क्रॅक जेमतेम ऐकू येतो आणि जास्त ताप लागला की टोकं करपतात. भारताच्या एकूण उत्पादनात मोठा वाटा रोबस्टाचा आहे, तरी घरी भाजणारे तिच्याकडे नाक मुरडतात. लेखकाने तिला पूर्ण प्रकरण दिलं, हे मला फार आवडलं.

महाराष्ट्र चहाचा प्रदेश, हे खरंच. पण चिखलदऱ्याच्या थंड हवेत थोडी कॉफी पिकते, माटुंग्याच्या दाक्षिणात्य वस्तीत कॉफी ताजी दळून देणारी दुकानं पिढ्यान् पिढ्या चालू आहेत, आणि पुण्याच्या जुन्या घरांत जायफळ घातलेली दुधाळ कॉफी पाहुण्याला दिली जायची. त्या जायफळाच्या कॉफीलाही चांगली भाजणी लागते, आणि चिकोरी घालायची असेल तर कॉफी किती गडद असावी हा प्रश्न फिल्टर कॉफीवाल्यांनी केव्हाच सोडवला आहे. पुस्तकात या दोन्हींना जागा आहे. काळी कॉफी पिणाऱ्यांनीच कॉफी भाजावी, असा अहंकार लेखकाला नाही.

हे सगळं आत्ताच का? फेब्रुवारी 2025मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिका पौंडाला चार डॉलरच्या वर गेली. भाजलेल्या कॉफीची पाकिटं महागली. कच्चं बी नीट ठेवलं तर सहा महिने ते वर्षभर टिकतं, भाजलेलं काही आठवडे. कर्नाटकातले मळेवाले आता थोडं थोडं कच्चं बीही थेट विकू लागले आहेत. घरी भाजणाऱ्याच्या पथ्यावर पडेल असं बरंच काही एकत्र आलं आहे. पण पैसे वाचतील म्हणून मोठं यंत्र घेऊ नये. पाकिटामागे जे वाचतं त्यात लाखाचा ड्रम फेडायला बरीच वर्षं लागतात, आणि तोवर हौसेने आणखी एक ग्राइंडर घरात आलेला असतो.

पुस्तकात कोणतं यंत्र घ्यावं, याचं एक उत्तर नाही. त्याऐवजी हाताशी असलेल्या यंत्रावर करायचे प्रयोग आहेत: तेच बी वेगवेगळ्या वेगाने भाजणं, फर्स्ट क्रॅकनंतर वेगवेगळ्या क्षणी उतरवणं, नोंदी न बघता चाखणं. त्यांतून आपली अडचण कोणती ते कळतं. कुणाला हवा वेगळी हवी असते, कुणाला वेळ लांबवायचा असतो, कुणाला फक्त पाव किलो एकदम हवी असते. अडचण वेगळी, तसं यंत्रही वेगळं. जुनं यंत्र विकत घेताना काय तपासावं, ड्रमचे बेअरिंग, पंख्याचा आवाज, कोंडा साठून काळी पडलेली वाट, याचंही तपशीलवार मार्गदर्शन आहे. फोनच्या अ‍ॅपशिवाय हलत नाहीत अशा यंत्रांबद्दल लेखक सावध आहे: कंपनीने अ‍ॅप सांभाळणं सोडलं तर चांगलं यंत्र शोभेची वस्तू होऊन बसतं.

शेवटच्या, म्हणजे तिसऱ्या भागात धूर आणि आग यांवर लिहिलं आहे. सर्वसाधारण वाचक हा भाग शेवटी वाचेल किंवा वाचणारच नाही. माझी विनंती आहे, की अडीचशे ग्रॅमच्या वरचं यंत्र घेण्याच्या विचारात असलेल्यांनी तो पहिल्यांदा वाचावा, स्वयंपाकघराच्या खिडकीचं माप घ्यावं, चार इंची नळी आणि पंखा कुठे बसेल ते पाहावं, शेजाऱ्यांना विचारावं, आणि मग पहिल्या भागाकडे वळावं.